बाकीचे छत्तीस

परभणी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवतो. एसटी उशिरा आली की पहिला तास रिकामाच, म्हणून तो कुणी घेत नाही, माझ्याकडं येतो. परवा सातच पोरं होती, विषय सोव्हिएत राज्यघटना.

गाईडात सरळ छापलंय, राष्ट्रप्रमुख स्टॅलिन. चूक आहे ते, आणि पोरं तेच लिहायलेत अन् तपासणारे मार्क द्यायलेत, याचा मला खरंच राग येतो. म्हणून फळाभर मांडलं. १९३६ च्या घटनेत राष्ट्रप्रमुख एक माणूस नाहीच, ते अख्खं मंडळ, सुप्रीम सोव्हिएतचं, म्हणजे तिथल्या संसदेचं, प्रेसिडियम. एक अध्यक्ष, ११ प्रजासत्ताकं म्हणून ११ उपाध्यक्ष, एक सचिव, २४ सदस्य, झाले ३७. राजदूत नेमणं, तह मंजूर करणं, शिक्षा माफ करणं, सगळं या मंडळाच्या नावानं. सुप्रीम सोव्हिएत वर्षातून दोनदा थोडे दिवस बसायचं, मधल्या काळात प्रेसिडियमच हुकूम काढायचं, खाली अध्यक्ष आणि सचिवाची सही, अन् मंजुरी पुढच्या अधिवेशनात. ठरायचं मात्र कम्युनिस्ट पक्षाच्या पॉलिटब्युरोत, म्हणजे वरच्या मोजक्या नेत्यांच्या समितीत.

तर मागच्या बाकावरची एक पोरगी म्हणली, "सर, माझी माय ग्रामपंचायत सदस्य आहे. शिपाई प्रोसिडिंग बुक घेऊन घरी येतो, ठराव आधीच लिहिलेला असतो, माय पदराला हात पुसून सही करती. तसंच का?"

बरंचसं तसंच, म्हणलो. इतकं नेमकं उदाहरण मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. त्या भरात मी कालिनिनचं सांगितलं. १९३८ ते १९४६ प्रेसिडियमचा अध्यक्ष, आणि त्याच्या बायकोला १९३८ सालीच अटक झाली, छावणीत पाठवलं, सुटली ती १९४५ ला.

ती फळ्याकडं बघत होती. "सर, शिक्षा माफ करायचा अधिकार तर ह्यांच्याकडंच होता ना?"

होता.

"मग बाकीचे छत्तीस जण काय करायले होते?"

तेवढ्यात घंटा झाली. स्टाफरूममध्ये सांगितलं तर एक सर म्हणले, पेपरात येतं का हे? मी गप्प बसलो, बसायला नको होतं.

त्या छत्तिसात स्टॅलिनही होता, साधा सदस्य म्हणून. हे तिला उद्या सांगणार आहे. पण तिनं एकट्याचं विचारलं नव्हतं, छत्तीस जणांचं विचारलं होतं.