अकरा किलोचं पोतं

दौंडहून पुण्याला येणाऱ्या गाडीत पोतं घेऊन चढलो, तर शेजारच्या आजी म्हणाल्या, "ऊस संपला म्हणून आता पाला विकायला निघालास का रे?" तसंच काहीसं. पोत्यात आमच्याच रानातलं पाचट होतं, म्हणजे उसाचा वाळका पाला. दोन माणसांची जागा अडवून बसलेलं ते धूड पाषाणच्या लॅबमध्ये काट्यावर ठेवलं, तर भरलं अकरा किलो!

या पाचटातून इथेनॉल काढायचं, हे माझं पोटापाण्याचं काम. त्यातलं सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजचीच लांबलचक साखळी, पण लिग्निन नावाच्या चिवट लिंपणाने घट्ट लिंपलेली. म्हणून आधी सौम्य आम्ल घालून वाफेच्या दाबाखाली शिजवायचं (आमचं रान बघणाऱ्या अण्णांच्या भाषेत, कुकर लावायचा), मग साखळी तोडणारं एन्झाइम घालून पन्नास अंशांवर दोन-तीन दिवस ठेवायचं आणि सुटलेली साखर यीस्टला खायला द्यायची. यीस्टचेही नखरे असतात. साधं यीस्ट ग्लुकोज फस्त करतं आणि पाचटातूनच सुटणाऱ्या झायलोज या दुसऱ्या साखरेला तोंड लावत नाही. मागच्या आठवड्यात मी कुकर जरा जास्तच तापवला. झाकण उघडलं तर बदामासारखा वास. फरफ्युरल! साखर जास्त तापली की तयार होणारं, यीस्टला विषासारखं रसायन. यीस्ट गारद, चार दिवस पाण्यात.

अण्णांना या कशात रस नाही. त्यांचा प्रश्न एकच, "लिटर किती?" मी पानिपतचं उदाहरण दिलं. तिथे २०२२ साली सुरू झालेल्या प्रकल्पाचा हिशोब वर्षाला २ लाख टन भाताचा पेंढा आणि सुमारे ३ कोटी लिटर इथेनॉल असा आहे. म्हणजे टनाला दीडशे लिटर. आपलं पाचट एकरी तीन-चार टन धरलं तरी...

"थांब," अण्णा म्हणाले. "तोड झाली की मला खोडव्याला पाणी द्यायचं असतं. तुझा ट्रक येईस्तोवर रान अडवून बसू? काडी लावली की तासात मोकळं."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. यीस्टचं काहीतरी जमेल, पण ट्रकभर हवा वाहून नेण्याचं डिझेल कुठून वळतं करायचं? गाठी बांधणारं बेलर यंत्र आहे, पण तोडीच्या हंगामात ते सगळ्यांना एकाच आठवड्यात हवं असतं. शिवाय पाचट रानातच कुजवलं तर जमिनीला खत होतं, तेही खोटं नाही. मला विचाराल तर अर्धं रानात ठेवावं, अर्धं न्यावं. जाळणं तेवढं नको.

यंदा बांधालगतच्या चार सऱ्या अण्णांनी पेटवल्या नाहीत. "पुढच्या खेपेला दोन पोती ने," म्हणाले. "पण रिकामी पोती परत आण."