बारा नंबर सापडला, पण वहीची पद्धत बदलावी लागणार

सापडला! रोज सकाळी टॅरोचं एक कार्ड काढायचं, दिवसभरात त्यातला माणूस खऱ्या जगात शोधायचा आणि वहीत लिहायचा, हा माझा उद्योग. त्यातला तीन महिने प्रश्नचिन्ह लावून ठेवलेला बारा नंबर, हँग्ड मॅन (उलटा टांगलेला माणूस), परवा रविवारी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडला. प्लास्टिकच्या खुर्चीत बसून चहा पीत होता.

आधी बाकीचं पटकन. या महिन्यात एम्प्रेस (भरभरून देणारी सम्राज्ञी) दोनदा निघाली आणि दोन्ही वेळा दुपारच्या आत ओळखता आली. त्यातली एक म्हणजे पैसे घेऊन झाल्यावर न मागता पिशवीत कढीपत्ता कोंबणारी मंडईतली मावशी. हायरोफंट, म्हणजे ज्याच्यापुढे भक्त गुडघे टेकतात तो किल्ल्यांवाला धर्मगुरू, आरटीओबाहेरच्या एजंटमध्ये दिसला: किल्ल्या त्याच्याकडे, गुडघे आपले. ही नोंद मला स्वतःलाच फार आवडलीय, चार जणांना वाचून दाखवून झाली. मागच्या वेळी ज्याच्यावरून वाद झाला तो हर्मिट मी मागे घेतेय. एकटा राहणारा प्रत्येक माणूस हर्मिट नसतो, कार्डावरच्यासारखा हातात कंदील हवा. मान्य.

आता बारा नंबर. नव्वद दिवसांत सात वेळा निघाला. शफल नीट होत नाहीये की काय, अशीही शंका येऊन गेली. त्या सात नोंदी आता वाचल्या तर लाज वाटते. लिफ्टमध्ये अडकलेला कुरिअरवाला. चांदणी चौकातली गाड्यांची अख्खी रांग. व्हिसाची वाट बघणारा भाचा. जो कुणी अडकला, त्याला मी उचलून टांगला. पण अडकलेल्यांसाठी मायनरमध्ये (डेकमधल्या दुय्यम कार्डांत) एट ऑफ सोर्ड्स आहे की! डोळ्यांवर पट्टी, अंगाला दोरी, भोवती आठ तलवारी. मग बारा नंबर वेगळा कशाला हवा?

अर्धा दोष डेकचा. माझा आरडब्ल्यूएस (रायडर-वेट-स्मिथ हा प्रसिद्ध टॅरो डेक) म्हणजे ऑनलाइन घेतलेली स्वस्त नक्कल. छपाई इतकी फिकट की त्याच्या डोक्यामागचं तेजोवलय कागदातच विरून गेलंय. ते असतं हेच मला माहीत नव्हतं! मैत्रिणीचा बरा डेक हातात आला तेव्हा दिसलं. मूळ चित्रकार पामेला कोलमन स्मिथनं १९०९ मध्ये ते चांगलं ठसठशीत काढलंय, आणि माझ्याकडे नुसता एक उलटा लटकलेला इसम. ज्या लाकडाला तो लटकलाय त्याला पानं आहेत, म्हणजे लाकूडही जिवंत. हा डेक आखणाऱ्या वेटनं तर लिहूनच ठेवलंय की या चेहऱ्यावर यातना नाहीत, तंद्री आहे. तेव्हा डेकवर पैसे वाचवू नका. (सोनेरी कडांच्या नादी मात्र लागू नका, सुरुवातीला कार्डं एकमेकांना चिकटतात आणि शफल करताना जीव जातो.)

वलय दिसलं म्हणून प्रश्न सुटला नाही, उलट वाढला. स्वखुशीनं थांबलेला, शांत चेहऱ्याचा माणूस शोधायला लागले तर सगळे संतच सापडायला लागले. योगा क्लासमधले सर, सासूबाईंच्या भजनी मंडळातल्या एक आजी. गोड, पण साफ चूक. कारण जुन्या इटालियन याद्यांत याच कार्डाला ‘त्रादितोरे’ म्हटलंय, म्हणजे फितूर. तिकडे गद्दारांची बदनामी करायला त्यांची अशी उलटी टांगलेली चित्रं भिंतीवर रंगवत. म्हणजे लोकांच्या नजरेत फितूर आणि स्वतः निवांत, असा माणूस आणू कुठून? मानसशास्त्रज्ञ युंगनं १९३३ च्या एका सेमिनारमध्ये टॅरोचा ओझरता उल्लेख केला, त्यात पायांनी टांगलेला माणूस आहे. तो रोजच्या जगण्यात कुठे भेटतो ते मात्र आपलं आपण शोधायचं.

रविवारी पुनर्विकासाची सभा होती. घरी पाहुणे, त्यामुळे सकाळी कार्ड काढलंच नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी संमतिपत्रावर अजून सही केलेली नाही. ‘तुमच्या एकट्यामुळे सगळे खोळंबलेत’पासून ‘दुसऱ्या बिल्डरकडून किती घेतलेत?’पर्यंत सगळं त्यांना ऐकवून झालं. मी कमिटीवर आहे, त्यातली दोन वाक्यं माझीच. काका चहाचा घोट घेत म्हणाले, “काम अर्धवट टाकून तो गेला तर आपलं भाडं कोण भरणार? एवढं सांगा, आत्ता सही करतो.” सेक्रेटरींनी काहीतरी सांगितलं. काकांनी मान डोलावली. “बरं, मग बँक गॅरंटीचा कागद कुठाय?” सभा पुन्हा पहिल्या मुद्द्यावर.

आणि मला वेताळ दिसला. झाडाला उलटा लोंबकळणारा, खांद्यावर घेऊन निघावं तर प्रश्न घालणारा, तोंड उघडलं की परत झाडावर. अहो, हा तर लहानपणापासून घरात आहे आणि मी त्याला इटलीत शोधत होते! राजाला तो ओझं वाटतो, पण शेवटी त्या कपटी योग्याचा डाव सांगून राजाला वाचवतो तोच. (आमच्या गोष्टीतला योगी कोण, ते कमिटीवर असेपर्यंत लिहिणार नाही.)

याच काकांना मार्चमध्ये, पार्किंगच्या भांडणात, मी डेव्हिल लिहून ठेवलंय. खोडलं नाही. शेजारी १२ लिहिला आणि खाली ‘प्रोजेक्शन?’, म्हणजे माझ्याच मनातलं मी त्यांच्यावर लादलं का.

एक गोष्ट खटकतेय. तो दिसला तो नेमका कार्ड न काढलेल्या दिवशी. सकाळी कार्ड काढलं की दिवसभर तेच शोधत फिरायचं आणि मिळेल त्याला चिकटवायचं, असं चाललं होतं माझं. म्हणून एक तारखेपासून उलट क्रम: रात्री आधी माणूस तीन ओळींत लिहायचा, मग बावीस मेजर (डेकमधली मुख्य कार्डं) उताणे पसरून एक निवडायचं.

थांबा, पण निवडणार मीच, म्हणजे मला हवं तेच निवडणार. त्यापेक्षा त्या तीन ओळी नाव न सांगता बहिणीला पाठवाव्यात, तिनं तिच्या डेकमधून निवडावं, आणि दोघींचं जुळलं तरच नोंद पक्की. हे आत्ता लिहिता लिहिता सुचलं.

लगेच काकांच्या तीन ओळी पाठवल्यासुद्धा. तिनं जस्टिस उचललं. म्हणते, “कागद मागणारा माणूस कसला टांगलेला? त्यानंच तुम्हाला टांगलंय.”

फोन करते तिला.