गारांची चाचणी: सगळे दिवस बर्फाच्या गोळ्यानेच खाल्ले

मालनपूरच्या शेडवर कुठला पत्रा घालायचा, हे गारांच्या चाचणीवर ठरणार होतं. आमच्या ग्वाल्हेरकडे फेब्रुवारी-मार्चच्या गारा काही नवीन नाहीत. पहिल्या प्रयोगशाळेने पत्रा सपाट प्लायवर ठेवला, वरून पोलादी गोळा सोडला आणि ‘उत्तीर्ण’चा कागद हातात दिला. तो कागद दिसला की अजून डोकं तापतं! खाली फळ्या असलेल्या छपराला ती रीत चालेल. आमचा पत्रा पर्लिनवर, म्हणजे छपराच्या आडव्या पट्ट्यांवर, मधे अधांतरी. शिवाय पोलाद फुटत नाही. गार आदळताच फुटते आणि धक्क्याचा काही भाग त्यातच जिरतो.

मग बर्फाचे गोळे, हवेच्या दाबाने नळीतून मारायचे. सौर पॅनेलच्या आयईसी ६१२१५ या आंतरराष्ट्रीय मानकातलं माप घेतलं: व्यास ४५ मिमी, वजन ४३.९ ग्रॅम, वेग सेकंदाला ३०.७ मीटर; तिन्हींत ५ टक्क्यांची सूट.

अडलं ते गोळ्यावर. उणे १८ च्या फ्रीझरमध्ये आधी बाहेरचं कवच गोठतं. आतलं पाणी नंतर गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, म्हणून गोळा तडकतो. तडकलेला गोळा नळीतच फुटतो. उपाय असा: पाणी उकळून निववा म्हणजे विरघळलेली हवा जाते, सिलिकॉनच्या साच्याला वर भोक ठेवा, फ्रीझर उणे १० वर लावा, घाई नको. वजन ४१.७ ग्रॅमच्या खाली भरलं तर व्यास मोजा. तो बरोबर असेल तर आत बुडबुडा आहे, टाकून द्या. तयार गोळे उणे ४ ला किमान एक तास ठेवायचे आणि बाहेर काढल्यापासून ६० सेकंदांत मारायचे. माझे बरेच गोळे कॉम्प्रेसरचा दाब जुळवण्यातच वितळले. दाब आधी जुळवा, फ्रीझर मग उघडा.

वेगासाठी ३० सेंमी अंतरावर दोन प्रकाश-सेन्सर लावले. गोळा ते अंतर ९.८ मिलिसेकंदांत कापतो. समोर कुणी उभं राहू नये.

मारा दोन पर्लिनच्या मधे, पर्लिनच्या बरोबर वर, स्क्रूजवळ आणि कडेला. फक्त मधे मारून थांबू नका: तिथे पत्रा लवून धक्का झेलतो, पर्लिनवर त्याला लवायला जागा नसते. सिमेंटच्या पत्र्याची तड खालून बघा. वर पाणी साठवून ठेवलं की ओली रेघ उमटते. रंगीत पत्र्याला नुसता पोचा पडला तरी भिंगाने रंग तपासा, चिरला असेल तर गंज तिथूनच धरतो.

हो, पॉलिकार्बोनेटच्या (प्लास्टिकच्या) पत्र्याची यूव्ही थर, म्हणजे उन्हातले अतिनील किरण अडवणारा थर, असलेली बाजू वर हवी. नवा तुकडा सहज पास होतो; उन्हात काही वर्षं काढलेला मिळवून तोही मारा.

आणि प्रयोगशाळेच्या अर्जावर पर्लिनमधलं अंतर मिलिमीटरमध्ये लिहा. रकाना नसेल तर समासात लिहून त्यावर त्यांची सही घ्या.