ओळंबा, गुण्या आणि लॉज: माझा अनुभव

फ्रीमेसनरी ही गवंड्यांच्या अवजारांतून नीती शिकवणारी जुनी बंधुसंघटना, आणि लॉज म्हणजे तिची शाखा. फ्रीमेसन व्हायचं तर आपणहून विचारावं लागतं, बोलवायला कुणी येत नाही. आमच्या बांधकामाच्या धंद्यातल्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी एक पारशी काका मेसन आहेत, त्यांना विचारलं. फॉर्म भरला, दोघांनी नाव सुचवलं. मग घरी येऊन चौकशी, बायकोचं मतही घेतलं. अटीचा प्रश्न एकच: देव मानता का? कोणता, ते विचारत नाहीत. शेवटी लॉजमध्ये पांढऱ्या-काळ्या गोट्यांनी गुप्त मतदान. माझं निभावलं.

दीक्षेची सगळी हकिगत लिहिणार नाही. खुणा आणि परवलीचे शब्द न सांगण्याचं वचन दिलंय. अवजारांबद्दल मात्र छापील पुस्तकांत केव्हाच येऊन गेलंय. आत जाण्याआधी अंगावरचा धातू काढून ठेवायला लावतात, अंगठी, घड्याळ, सुटे पैसेसुद्धा. विधीत पुढे नव्या माणसाला ईशान्य कोपऱ्यात उभं करतात, कारण पायाचा दगड तिथे बसतो. भूमिपूजनाला आम्ही तोच कोपरा धरतो. माझी धाकधूक तिथेच गेली.

सभासदाला तीन पायऱ्या चढायच्या असतात. मग एका बुजुर्गांनी पहिल्या पायरीची अवजारं एकेक करून दाखवली. सगळं इंग्रजीत आणि तोंडपाठ. २४ इंची पट्टी म्हणजे दिवसाचे २४ तास: काही प्रार्थनेला, काही काम आणि विश्रांतीला, काही अडलेल्या माणसाला. ही मदत स्वतःला आणि घरच्यांना झळ न लागू देता करायची, हेही त्यात आहे. मला ते फार पटलं. पदरमोड करून देशोधडीला लागलेले ठेकेदार मी पाहिलेत. हातोडा म्हणजे सदसद्विवेक, नको ते विचार ठोकून काढणारा. छिन्नी म्हणजे शिक्षण. क्रमही बरोबर आहे. दगडाचे उंचवटे आधी उडवायचे, मग छिन्नीने तासायचं. लॉजमध्ये खडबडीत आणि घडीव असे दोन दगडही मांडलेले असतात.

दुसऱ्या पायरीला गुण्या (काटकोन तपासायचा), लेव्हल (सपाटी बघायची) आणि ओळंबा (भिंत उभी सरळ आहे का बघायला दोरीला बांधलेला लोलक). गुण्या नीतीचा, लेव्हल समतेची, ओळंबा सरळ वागण्याचा. लॉजचा मुख्य आणि त्याचे दोन वॉर्डन, म्हणजे हाताखालचे अधिकारी, हीच चिन्हं गळ्यात घालतात. आमच्या धंद्यात ओळंब्याची एक गंमत आहे. वरच्या मजल्यावर वारा असला की तो थरथरत राहतो, माप लागतच नाही. मिस्त्री मग लोलक पाण्याच्या बादलीत बुडवतो. दोरी उभीच राहते, फक्त झोके थांबतात. विधीत या बादलीचा उल्लेख नाही. मला तो हवा होता, कारण माणूस सरळ असतो पण हलत असतो, असं माझं मत आहे.

लेव्हलपाशी मात्र माझी गाडी अडते. १८४३ साली डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने मुंबईत 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज निघालं, ते इथल्या लोकांना घेण्यासाठीच. त्यात पारशी आणि मुसलमान आले. हिंदू अनेक देव मानतात, या आक्षेपामुळे कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्त यांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं. १८७२ साली ते आत गेले. आज आमच्या टेबलावर गीता, कुराण, बायबल, अवेस्ता शेजारी-शेजारी असतात. पण बायकांना अजून प्रवेश नाही. बायको म्हणाली, "तुमची लेव्हल फक्त पुरुषांच्या मजल्यापुरतीच दिसतेय." यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि लॉजमध्ये विचारलं तर 'परंपरा' एवढंच ऐकायला मिळतं.

तिसऱ्या पायरीची अवजारं पाया आखायची दोरी, पेन्सिल आणि कंपास. आपलं बोलणं-वागणं नोंदलं जातंय, हे पेन्सिल सांगते. साइट डायरी लिहिणाऱ्याला हे नवीन नाही.

आता पुढच्या उमेदवाराला ओळंब्याचा मजकूर म्हणून दाखवायचं काम माझ्याकडे आलंय. पाठांतर चालू आहे. त्यात बादलीचं एक वाक्य घालू का, असं पारशी काकांना विचारलं. ते म्हणाले, "अरे डिकरा, एक अक्षर बदलायचं नाय. बादली जेवणाच्या टेबलावर सांग, तिथे कोण अडवते?"