करड्याच्या शोधात

फोटोंची वेबसाइट करायला घेतली तेव्हा वाटलं होतं, जड जाईल ते फोटो निवडणं. ते दोन संध्याकाळींत उरकलं. फोटोंच्या मागे रंग कुठला, यात मात्र तीन आठवडे गेले.

मला काळाच हवा होता. त्याला कारण आजोबांचा अल्बम. जाड काळी पानं, फोटोचे कोपरे अडकवायला चिकटवलेले कागदी त्रिकोण, दोन पानांमध्ये कुरकुरणारा बटर पेपर आणि फोटोखाली पांढऱ्या पेन्सिलीनं तिरकं 'गंगापूर धरण, सहल'. फोटो उठून दिसतो तो काळ्यावरच, हे तेव्हापासून डोक्यात बसलेलं.

केला काळा. रामकुंडावरची पहाट, नांदूरमध्यमेश्वरची बदकं, सगळं झळकायला लागलं. मग काळारामाची पाळी आली. देऊळ मुळात काळ्या दगडाचं, त्यात मी फोटो काढलेला दिवेलागणीला. शिखर कुठे संपतं आणि वेबसाइट कुठे सुरू होते, कळेना. उरल्या फक्त चार पणत्या.

पांढरा केला, देऊळ परत आलं. पण रामकुंडावरचं धुकं त्या पांढऱ्यात असं विरघळलं की फोटो वरून उंदरानं कुरतडल्यासारखा दिसायला लागला. बाकीचे काळवंडले. मी तर फोटोंना हातही लावला नव्हता.

एकच करडा काळ्यावर उजळ दिसतो आणि पांढऱ्यावर गडद. पॅरिसच्या गोब्लँ या विणकामाच्या कारखान्यात शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगखातं सांभाळायचे. तिथला काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार होती. त्यांनी तपासलं तर रंगात खोट नव्हती, करामत शेजारच्या रंगांची होती. 1839 साली त्यांनी हे सगळं सविस्तर छापलं. आमच्या मेन रोडवरच्या मॅचिंग सेंटरवाल्याला ते न वाचताच ठाऊक आहे. ब्लाउजपीस तो कधी नुसता दाखवत नाही. साडीवर टाकतो आणि म्हणतो, "ताई, बाहेर उजेडात बघा."

अक्षरांचा घोळ वेगळाच. माझा चष्मा सिलिंडरचा, त्यामुळे काळ्यावरच्या लख्ख पांढऱ्या अक्षरांना मला झालर दिसते. म्हणून पांढऱ्यावर नाजूक करडी अक्षरं केली. बाबांनी मोबाइल हातभर लांब धरला, जवळ आणला, चष्मा कपाळावर चढवला.

"काही लिहिलंयस का इथे?"

वेबवर यालाही दंडक आहे. साध्या आकाराचं अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणाचं प्रमाण किमान 4.5 ला 1 हवं. काळ्या-पांढऱ्याचं 21 ला 1 असतं. माझ्या करड्याचा कोड होता 777777, आणि तो भरला 4.48. बोर्डात एका मार्कानं राहिल्यासारखं झालं. शिवाय फिकट मराठीत आधी गायब होतो तो अनुस्वार.

मग गोदाघाटाच्या पायरीचाच करडा उचलला. भावनिक निर्णय, दुसरं काय! त्यात निळसर झाक होती, म्हणून फोटोतली माणसं कावीळ झाल्यागत पिवळी दिसायला लागली. शेवटी लाल, हिरवा, निळा तिन्ही 255 पैकी सारख्याच 58 वर आणले, वर मोतिया अक्षरं. देऊळ दिसलं, धुकं टिकलं, बाबांनी चष्मा न चढवता वाचलं.

मी लॅपटॉप आईपुढे ठेवला. तिनं निरखून पाहिलं.

"गिलावा छान झालाय," ती म्हणाली. "रंग कधी देणार?"