तुम्ही विचारलंत म्हणून: एकाला उंचीचा त्रास झाला, तर दुसऱ्यानं पुढे जायचं का?

एव्हरेस्ट बेस कॅम्पला जोडीनं निघालेले लोक बूट, जॅकेट, विमानाची तिकिटं सगळं विचारून झालं की शेवटी हे विचारतात. बहुतेकदा दोघांपैकी एकच जण विचारतो, दुसरा जवळपास नसताना. उत्तर त्रास किती आहे यावर अवलंबून आहे. पण ते घरी बसून ठरवायचं, लुक्लाच्या (जिथून चालणं सुरू होतं) विमानात बसण्याआधी.

बेस कॅम्प 5364 मीटरवर आहे. तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा असतो. मेंदूला ऑक्सिजन कमी पडला की ज्याला त्रास होतोय, नेमकी त्याचीच समज मंदावते. त्यात जोडीनं आलेला माणूस त्रास लपवतो. वर्षभर साठवलेली रजा आणि पैसे आपल्यामुळे वाया जातील, ही भीती असते. म्हणून एकच करार करा: मागे फिरायचा निर्णय ज्याला बरं वाटतंय त्यानं घ्यायचा, आणि दुसऱ्यानं त्यावर वाद घालायचा नाही.

दर रविवारी पाठीवर वजन घेऊन सिंहगड चढलात तर पाय आणि दम तयार होतात, ते कराच. पण कळसूबाईसुद्धा 1646 मीटरच आहे, तिथं उंचीची सवय होत नाही. उलट तयारीचा माणूस भराभर वर जातो आणि तोच अडकतो. दोघांनी हळू चालणाऱ्याच्या वेगानं चालायचं, ते दोघांच्याही फायद्याचं आहे.

3000 मीटरच्या वर झोपायची उंची एका दिवसात 500 मीटरहून फारशी वाढवायची नाही. फाकडिंग (2610) ते नामचे (3440) एका दिवसात होतं, म्हणून नामचेत दोन रात्री. पुढे तेंगबोचे (3860), डिंगबोचे (4410), तिथं पुन्हा दोन रात्री, मग लोबुचे आणि बेस कॅम्पच्या आधीचा शेवटचा मुक्काम, गोरक्षेप. मुक्कामाच्या जादा दिवशी खोलीत पडून राहायचं नाही. तीन-चारशे मीटर वर चढून यायचं आणि खाली झोपायचं. डिंगबोचेची दुसरी रात्र कापून स्वस्त केलेला कार्यक्रम घेऊ नका. लुक्लाची विमानं हवामानामुळे अडकतात, तेव्हा शेवटी दोन दिवस मोकळे ठेवा. ते हाताशी असले की वाटेत एक रात्र जास्त थांबायलाही जीव कचरत नाही.

आता जोडप्यांना हमखास घाबरवणारी गोष्ट. डिंगबोचेच्या प्लायवूडच्या खोलीत रात्री दोनला जाग येते. शेजारच्या स्लीपिंग बॅगेतला श्वास खोल खोल होत जातो, मग उथळ होतो, मग थांबतो. आठ-दहा सेकंद काहीच नाही. मग एकदम मोठा श्वास, आणि पुन्हा तेच चक्र. उंचीवर झोपेत श्वास असा चालणं नेहमीचं आहे. सकाळी तो माणूस नीट बोलतोय, चहा पितोय, तर काळजी नको. मात्र झोप लागावी म्हणून झोपेची गोळी किंवा दारू अजिबात नको, त्यानं श्वास आणखी मंदावतो.

काळजी करायची ती वेगळ्या खुणांची. डोकं दुखतंय आणि त्याबरोबर मळमळ, चक्कर किंवा न पेलणारा थकवा आहे, तर तो एएमएस, म्हणजे उंचीमुळे होणारा साधा आजार, धरायचा. पाणी, पॅरासिटामॉल, विश्रांती, आणि त्या दिवशी वर जायचं नाही. दोघांनीही नाही. दुसऱ्या दिवशी साफ बरं वाटलं तर पुढे. तसंच राहिलं किंवा वाढलं, तर खाली. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी आधीपासून घ्यायची का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. सल्फाची अॅलर्जी असेल तर आवर्जून सांगा. गोळी घेतल्यावर बोटांना मुंग्या येतात, लघवीला जास्त होते. तो आजार नव्हे.

संशय असला तर जमिनीवरच्या फळीची एक सरळ रेघ धरा. एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवत दहा पावलं चालायला लावा. आधी स्वतः चालून दाखवा. तोल गेला, असंबद्ध बोलणं आलं, तर मेंदूला सूज येतेय असं समजायचं. बसल्या जागी धाप, खोकला, छातीत घरघर असेल तर फुप्फुसांत पाणी साचतंय. या दोन्हींत सकाळची वाट न पाहता लगेच खाली उतरायचं. ऑक्सिजन मिळाला तर लावा, पण त्यासाठी उतरणं थांबवू नका. आजारी माणसाला एकटं कधीच पाठवायचं नाही. अशा वेळी दोघंही खाली. ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारं यंत्र) जवळ असू द्या, पण नवऱ्याचा आकडा 84 आणि बायकोचा 79 म्हणून घाबरू नका. गार बोटं आणि नेलपॉलिश यांनी आकडा चुकतो. माणसाकडे बघा.

खर्च वाचवायला बरेच जण दोघांत मिळून एकच पोर्टर-गाइड घेतात. आम्ही तसं सुचवत नाही. एक गाइड आणि एक पोर्टर असे दोघं घ्या, म्हणजे गरज पडल्यास प्रत्येकाबरोबर वाट माहीत असलेला माणूस असतो. औषधं, रोख पैसे, विम्याचे कागद दोघांच्या सॅकमध्ये वेगवेगळे. पाण्याच्या बाटल्याही वेगळ्या, नाहीतर कोण किती प्यालं ते कळत नाही. विमा 6000 मीटरपर्यंतचा आणि हेलिकॉप्टरसह असावा.

आणि पुढे जायचं का? समजा लोबुचेत एकाला साधा एएमएस झाला आणि दुसऱ्या दिवशीही तो गेला नाही. दोघं मिळून फेरिचेला उतरा, सुमारे सहाशे मीटर खाली. तिथं हंगामात हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना असतो, दाखवून घ्या. एक पूर्ण रात्र गेली, डोकं दुखायचं थांबलं, जेवण गेलं, टाचेची चाल सरळ आली आणि त्यानं मनापासून 'जा' म्हटलं, तर दुसऱ्यानं गाइडबरोबर जायला हरकत नाही. पोर्टर फेरिचेत आजारी माणसाजवळ राहील. लॉजवाल्याला सांगून ठेवा, पैसे आणि चार्जर आजारी माणसाकडे ठेवा. वर जाऊन यायला तीन दिवस धरा. परत भेटायची जागा फेरिचेच ठेवा, परतीची वाट तिथूनच जाते.