३४ झेरॉक्स

१२ जानेवारी, नुआकशोत

विमानतळावरून निघताना ड्रायव्हरने पहिलाच प्रश्न विचारला, "मादाम, फिश आहेत ना?" मला वाटलं, जेवणाचं विचारतोय. म्हटलं, हो, मासे चालतात मला. तो हसला नाही. फिश म्हणजे फ्रेंचमध्ये माहितीचा कागद. मॉरिटानियात शहराबाहेर पडलं की जेंडार्मच्या (म्हणजे लष्करी पोलिसांच्या), साध्या पोलिसांच्या चौक्या लागत जातात, आणि परक्या माणसाने तिथे आपल्या पासपोर्टची आणि व्हिसाची एक प्रत द्यायची. दिली की गाडी पुढे. नसेल तर वहीत सगळं हाताने उतरवून होईपर्यंत थांबा.

म्हणून आज कॅमेरा बॅगेतून काढायच्या आधी स्वतःच्या ४० झेरॉक्स काढल्या. मशीन शेवटच्या घटका मोजत होतं. प्रत्येक कागदावर माझ्या चेहऱ्याच्या जागी काळा डाग, त्यात दोन डोळे. बाबांनी पाहिलं असतं तर पैसे परत मागितले असते. सोलापुरात त्यांचा स्टुडिओ होता, निम्मा धंदा पासपोर्ट फोटोंचा. "दोन्ही कान दिसू द्या, हसू नका, हनुवटी जरा खाली," ही वाक्यं मी पाढ्यांच्या आधी पाठ केली होती.

संध्याकाळी मासेमारीच्या किनाऱ्यावर गेले. लांबलचक रंगीत लाकडी होड्या वाळूवर ओढत होते, खांद्याला खांदा लावून, एका सुरात. कुठल्याही दिशेला कॅमेरा धरला तरी फोटो मिळेल अशी जागा. मी धरला आणि तीन बाजूंनी हात आडवे आले. एकाने "मम्नूअ!" म्हणून ओरडून माशाची टोपली माझ्यासमोर आदळली. मनाई. ड्रायव्हर म्हणाला, "तुम्ही सलामसुद्धा केला नाहीत."

खरं आहे. पंढरपूरच्या वाळवंटात कुणी अनोळखी माणसाने माझ्या आईसमोर असं भिंग धरलं असतं तर मी काय केलं असतं?

१४ जानेवारी, अतार

नुआकशोत ते अतार, चारशेहून जास्त किलोमीटर डांबरी रस्ता. वाटलेले चेहरे: ९.

हरमत्तान सुटलाय. ईशान्येकडून येणारा हा कोरडा वारा इतकी बारीक धूळ आणतो की आकाश दुधाळ होतं आणि सूर्य घासलेल्या रुपयासारखा दिसतो. लँडस्केप काढायला आलेले लोक या दिवसांत वैतागतात. मला हा उजेड आवडला. सावल्यांना धार नाही, नाकाखाली काळं पडत नाही. बाबा खिडकीला ट्रेसिंग पेपर लावून जे करायचे, ते इथे अख्ख्या आभाळाने करून ठेवलंय.

कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर मात्र फसवतो. कॅमेऱ्याची समजूत अशी की सगळं जग सरासरी करड्या रंगाचं असतं. पांढरट वाळू समोर आली की तो दचकतो आणि सगळं अंधारून टाकतो. म्हणून उजेड एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट), कधी दीड, हाताने वाढवायचा. बाबांचा नियम: लग्नात सगळ्या पांढऱ्या टोप्या असल्या की मीटरचं ऐकायचं नाही. पण इथे वाळू पांढरी, पुरुषांचा पायघोळ दरा पांढरा किंवा आकाशी, डोक्याला काळा फेटा आणि फेट्याच्या आत सावळा चेहरा. वाढवलं तर कापड जळतं, म्हणजे फोटोत नुसतं कोरं पांढरं उरतं, कमी केलं तर माणूस अंधारात जातो. मी कापड जाळायचं ठरवलं. सकाळपासून जळलेल्या बाह्यांचे वीस फोटो झालेत.

लेन्स बदलायची नाही, हा दुसरा नियम. काल एकदाच बदलली. आज प्रत्येक आभाळात त्याच कोपऱ्यात तीन ठिपके.

१६ जानेवारी, शिंगेत्ती

अतारहून सुमारे ८० किलोमीटर, घाट चढून. या गावावरून एके काळी मक्केला जाणारे काफिले निघत. १९९६ पासून वदान, तिशित आणि वलाता यांच्याबरोबर जागतिक वारसा यादीत आहे. दगडी मशिदीचा चौकोनी मिनार, त्याच्या टोकांवर शहामृगाची अंडी. आत जायला मुसलमानेतरांना परवानगी नाही, म्हणून सगळे बाहेरून एकाच गल्लीतून एकच फोटो काढतात. मीही काढला. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

हस्तलिखितांबद्दल आहे. इथली ग्रंथालयं घराण्यांची, वडिलांकडून मुलाकडे आलेली. राखणदार आजोबांनी दाराचं कुलूप उघडून दाखवलं. कुलूपही लाकडाचं, किल्लीही लाकडाची, जाड टूथब्रशसारखी, केसांच्या जागी खुंट्या. आतले खुंट जुळले की अडसर सरकतो. आत कुराण, कायदा, व्याकरण, खगोलशास्त्र. एका पानावर वाळवीने अशी काही वाट काढली होती की आधी मला तो नकाशाच वाटला. मी कॅमेऱ्याला हात लावला तसे आजोबा म्हणाले, फ्लॅश नको. नंतर किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाले (ड्रायव्हरने सांगितलेला अर्थ), "याचा सगळे काढतात. तुम्ही आधी उघडून बघा." दहा मिनिटं झटले. उघडलं नाही. किल्लीचा फोटो काढायचं राहूनच गेलं.

मुक्कामाच्या घरीही एक फिश द्यायची असते. मालकीणबाईंनी ती एका फुगलेल्या फायलीत ठेवली. मी फाइल बघायला मागितली. जुन्या प्रती, फ्रेंच, जर्मन, इटालियन, सगळ्यांचे चेहरे माझ्यासारखेच काळवंडलेले. आमच्या स्टुडिओच्या काउंटरवर काचेखाली नमुन्याचे फोटो असायचे, अगदी तसं. आणि प्रत्येकाच्या पाठीवर नातवाची बेरीज-वजाबाकी. कागद वाया का घालवायचा, बाई म्हणाल्या. एका दाढीवाल्याच्या मागे पोराने उंटही काढला होता. या गावात पाहिलेलं सगळ्यात चांगलं व्यक्तिचित्र तेच, उंटाचं.

१७ जानेवारी, शिंगेत्ती

आज बायकांमध्ये बसले. चहा म्हणजे तासाभराची निश्चिंती. निखाऱ्यांवर छोटी किटली, चिनी हिरवी पत्ती, पुदिना, साखर, आणि एका पेल्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतत राहायचं, निम्म्या पेल्यापर्यंत फेस येईपर्यंत. असे तीन पेले. तिसऱ्याच्या आधी उठायचं नाही. मी कॅमेरा झाकण लावून मांडीमागे ठेवला होता.

दुसऱ्या पेल्याला माझ्या पॅन्टवरून हसणं सुरू झालं. तिसऱ्याला मला मेल्हफा नेसवला गेला. साधारण चार मीटरचं तलम कापड, दोन गाठी खांद्यावर, उरलेलं डोक्यावरून. मी म्हटलं, आमच्याकडे नऊ वार असतं, आणि हाताने कासोटा कसा घालतात ते दाखवलं. यावर जो हशा झाला तो अजून कानात आहे. मग त्यांनी आपले मोबाइल काढले. मला भिंतीशी उभी केली, हनुवटी धरून खाली केली, पदर सारखा केला. एकीने उजेड बघून मला दाराकडे वळवलं. बरोबर होतं तिचं. त्यानंतर दोघींनी मला हो म्हटलं. तिसरी नाही म्हणाली आणि फोटोतून बाहेर सरकून फेस करत बसली.

नेसवलेलं कापड गर्द निळं होतं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत फ्रेंच व्यापारी पाँडिचेरीचं निळीत रंगवलेलं कापड सेनेगल नदीच्या काठी आणत आणि बदल्यात इथल्या मूर लोकांकडून डिंक नेत. त्या कापडाला 'गिनी' म्हणत आणि ते चलनासारखं चाले. डिंक जायचा युरोपातल्या कापडछपाईला. आणि याच डिंकात रंग आणि बायक्रोमेट नावाचं उजेडाने बदलणारं रसायन कालवून फोटो छापायची एक जुनी पद्धत आहे. बाबांनी ती एकदा करून बघितली होती. आई डिंक शोधत होती लाडवांसाठी, आणि तो सापडला डार्करूममध्ये, पिवळ्या पाण्यात. त्या हिवाळ्यात लाडू झाले नाहीत. फोटोही आला नाही.

२० जानेवारी, शूम

ज्यासाठी आले ती गाडी आज बघितली. झुएरातच्या खाणींतून लोहखनिज घेऊन नुआधिबूच्या बंदरापर्यंत सुमारे ७०० किलोमीटर, १९६३ पासून. दोनशेहून जास्त डबे, लांबी दोन-अडीच किलोमीटर. आधी वाळूतून पायाला कळली, मग दिसली, आणि मग जातच राहिली. उघड्या डब्यांत खनिजाच्या ढिगांवर फेट्यात गुंडाळलेली माणसं, एका डब्यात शेळ्या.

फोटो सपशेल फसले. पांढऱ्या वाळूवर एक काळी रेघ. एवढी लांबी चौकटीत मावतच नाही. मावली तर गाडी उरत नाही. शेवटी कॅमेरा खाली करून डबे मोजायला लागले. ११० ला चुकले.

रात्री हात धुतले तर पाणी काळं. खनिजाची भुकटी नखांत चकाकतेय.

२४ जानेवारी, नुआकशोत

परतीच्या शेवटच्या चौकीवर जेंडार्मने फिश घेतली, कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा कागदाकडे. बारा दिवसांत पहिल्यांदाच कुणी ताडून बघत होतं. मी सवयीने फेटा मागे सारून दोन्ही कान दाखवले. त्याने मान हलवली, कागद बाकीच्यांवर ठेवून वर दगड ठेवला. गाडी पुढे.

हिशोब केला. ४० मधल्या ३४ वाटल्या. माणसांनी हो म्हटल्यावर काढलेले चेहरे ११. म्हणजे या देशाकडे माझे फोटो जास्त आहेत, आणि कुणीही ते मागताना मला चहा दिला नव्हता; पण सलाम प्रत्येकाने केला होता.

उरलेल्या सहांपैकी एकीत फिल्टर गुंडाळलाय. वहीवर परवा तिसरा पेला सांडला, पानं चिकटलीत, म्हणून आजची नोंद दुसऱ्या एका फिशच्या मागच्या बाजूला लिहितेय. कागद हलका आहे. शाई पलीकडे उतरतेय, माझ्या कपाळावर.